ढिम्म्याचं झाकण

मंगळवार, ३

समुपदेशक बाई म्हणाल्या, रोज थोडं लिहा. राग आला की लिहा, आणि त्या वेळी हातात काय होतं तेही लिहा. मी म्हटलं, "बाई, मी गॅरेजमध्ये गाड्यांचे पोचे काढतो. माझ्या हातात दिवसभर हातोडीच असते." त्या हसल्या नाहीत. बाईंना विनोद कळत नाही हे पहिल्याच पानावर नोंदवून ठेवतो.

वही कुणी वाचणार नाही म्हणे. मग लिहायची कशाला? पण मेव्हण्याची अट आहे. बायको खारूला घेऊन त्याच्याकडे जाऊन बसली आहे. मी आधी बाईंकडे जायचं, मग पंधरा तारखेच्या रविवारी ती तिघं आमच्या घरी जेवायला येणार. जेवण शांतपणे पार पडलं तर दोघी घरीच राहतील. नाहीतर खारूचं नाव तिकडच्या शाळेत घालणार. घर माझं, मुलगी माझी, परीक्षाही माझीच, आणि परीक्षक कोण, तर ज्याला अजून सायकलची चेन चढवता येत नाही तो.

खारू म्हणजे माझी मुलगी. सापडेल ते फ्रॉकच्या खिशात साठवते म्हणून खारूताई, त्याची झाली खारू. तिसरीत आहे. वस्तू जपावी तर तिनंच. पहिला चष्मा मागच्या वर्षी फुटला तेव्हा मी बजावलं होतं, परत फुटला तर याद राख. दुसऱ्यावर अजून ओरखडा नाही. मुलांना एकदा कुणीतरी नीट सांगावं लागतं, बस.

गुरुवार, ५

ठरलं. रविवारी ढिम्म्यात चिकन आणि भाज्या.

ढिम्म्या म्हणजे आमचा स्लो कुकर. सकाळी भरा, बटण मंद आचेवर फिरवा, संध्याकाळपर्यंत ढिम्म हलत नाही. बायकोनं हट्टानं घेतला होता. मी कामावरून कधी दिवेलागणीला येतो, कधी नंतर, कधी दोस्तांबरोबर बसून. केव्हाही आलो तरी ताट गरमच हवं, आणि गार असलं की माझं डोकं फिरतं, हे तिला माहीत. त्यावर तिनं शोधलेला हा उपाय. दारात पाऊल टाकलं की वाफाळतं ताट समोर. इतकी काळजी घेणारी बाई एक दिवस अचानक उठून का जाते, देव जाणे.

खारूला त्या भांड्याचं फार वेड. काचेच्या झाकणाला नाक लावून आतले बुडबुडे बघत उभी राहायची.

करायला सोपं आहे, बघून बघून मला पाठ झालंय. तळाशी बटाटे आणि गाजरं, कारण ती मांसापेक्षा उशिरा शिजतात. वर कांद्याच्या फोडी, लसूण, मिरे, त्यावर तंगड्या, एक वाटी पाणी. झाकण लावायचं आणि विसरायचं. बायको सारखी म्हणायची, "अहो, झाकण उघडू नका, एकदा उघडलं की अर्धा तास वाया."

आधी एकदा करून बघावं म्हणून कोंबडीवाल्याकडे गेलो. अख्ख्या तंगड्या सांगितल्या होत्या. गडी मोबाइलवर बोलत बोलत खटाखट बारीक तुकडे करून मोकळा. म्हटलं, "मी काय सांगितलं होतं?" तर म्हणतो, "शिजल्यावर सगळं सारखंच." मी त्याच्या हातातला सुरा घेतला आणि ठोकळ्यात रोवला, त्याच्या बोटांपासून चांगला वीतभर लांब. सुरा नुसता थरथरत राहिला. त्यानंतर तंगड्या बरोबर मिळाल्या. माणसं ऐकतात, ऐकवावं लागतं.

हातात: सुरा. पण दुकानाचा.

शुक्रवार, ६

सुट्टी टाकून सकाळीच ढिम्म्या लावला.

मीठ घ्यायला डबा उघडला, बोटं तळापर्यंत घातली तर काहीतरी टोचलं. बायकोच्या कानातलं. सोन्याची एक कुडी. मिठाच्या डब्यात! म्हणजे ही बाई नवऱ्यापासून सोनं लपवत होती. मी तिला स्वतःच्या हातानं घेऊन दिलेलं सोनं. मला चोर समजते? डोक्यात जाळ झाला. डबा फेकला. आता अख्ख्या ओट्यावर मीठ आहे आणि पुसायला कुणी नाही.

मग चित्त थाऱ्यावर राहीना. दर थोड्या वेळानं झाकण उचलून बघत होतो, झालं का, झालं का. संध्याकाळी तंगडी फोडली तर हाडाजवळ लालभडक, रक्ताचं पाणी. बटाटे दगडासारखे. अख्खा दिवस उकळतंय आणि आत कच्चं!

झाकण हातातून निसटलं. भिंतीपर्यंत निसटलं. काचेचा चुरा झाला.

रविवार, ८

आईकडे गेलो. दोन गल्ल्या सोडून ती एकटी राहते. चिकन कच्चं राहिल्याचं सांगितलं.

"झाकण किती वेळा काढलंस?"

"असेल पाच-सात वेळा."

"उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!" ती हसली. "अरे, ते भांडं तुझ्यासारखं तापत नाही. ते हळू तापतं."

मीही हसलो. चहा होईपर्यंत मी तिच्या डोक्यावरच्या फळीवरून बिस्किटांचा डबा काढायला हात वर केला. तर ही एकदम खाली वाकली, दोन्ही हात डोक्यावर. म्हटलं, "आई, डबा काढतोय." "हो का," म्हणाली आणि चहा गाळायला लागली. वय झालं की माणूस दचकतो.

मग खिशातून कुडी काढून तिच्यापुढे ठेवली. तिनं ती उचलून तळहातावर घेतली.

"मिठात होती ना?"

"तुला कसं कळलं?"

"मीच सांगितलं होतं तिला. लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांत. म्हटलं, दारात चप्पल वाजली की कानातलं काढायचं आणि मिठात टाकायचं. मिठाचा डबा हाताशी असतो. झटापटीत ओढलं गेलं तर कान फाटतो गं बाई."

आईच्या डाव्या कानाची पाळी मधोमध चिरलेली आहे. लहानपणापासून बघतोय. कपड्यांच्या दोरीत अडकून फाटली असं आम्हाला सांगितलं होतं. ते खोटं आहे हे मला काय तेव्हाही कळत नव्हतं? वडिलांचा हात जडच होता. पण म्हणून सुनेला पहिल्याच वर्षी असले धडे द्यायचे? माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हटलं, "विष कालवलंस ते तू! मी काय वडिलांसारखा आहे?"

ती काही बोलली नाही. ते न बोलणंच माझ्या डोक्यात जातं. कप भिंतीवर गेला.

तिनं केरसुणी घेतली आणि काचा गोळा करायला बसली. भराभर, एकही न चुकवता. "चप्पल घाल," म्हणाली, "लागेल पायाला." निघताना पाठीमागून म्हणाली, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाळा."

चिकनचं सांगत असावी.

मी बायकोचं कानातलं कधीही ओढलेलं नाही. हे इथे लिहून ठेवतो. केसांची गोष्ट वेगळी.

हातात: कप. रिकामा होता, चहा पिऊन झाला होता.

मंगळवार, १०

नवीन काचेचं झाकण त्या मापाचं मिळेना. चार दुकानं पालथी घातली. शेवटी म्हटलं, आपण पत्र्याची माणसं, आपल्याला काय अवघड? जाड स्टीलची परात गॅरेजमध्ये नेली, जेवणाच्या सुट्टीत कापली आणि ठोकून बसवली. पत्रा ठोकायची कला असते. एका जागी जोरात मारलं की पत्रा फाटतो. हलक्या हातानं, कडेकडेनं, मागून आधार देत मारायचं, म्हणजे पत्राच हळूहळू नमतो आणि वरून एक खूण राहत नाही. वर मूठ बसवली. झाकण असं घट्ट बसलं की वाफेचा धागा बाहेर येत नाही.

आतलं दिसत नाही एवढंच. बरंच आहे ते. दिसलं की उघडावंसं वाटतं.

बुधवार, ११

गॅरेज सुटलं.

रंगारी, म्हणजे माझ्या शेजारी गाड्या रंगवणारा, कड घासायला परत नेलेलं झाकण बघून सगळ्यांसमोर म्हणाला, "बायको पळाली आणि हा झाकणं ठोकतोय! अरे, तेव्हा घरात ठोकलं नसतंस तर आता इथं ठोकायची वेळ आली नसती." चारजण हसले. गॅरेजचा मालक, मिस्त्रीसुद्धा हसला.

माझ्या हातात डॉली होती. डॉली म्हणजे पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा, मुठीत मावेल एवढा. मी हात मागे नेला हे आठवतं. पुढचा आवाज आठवतो, ओली फांदी मोडल्यासारखा. रंगारी नव्या रंगवलेल्या दारावर आपटला आणि ओल्या पांढऱ्या रंगावरून घसरत खाली बसला. दारभर लाल फराटा. त्यानं तोंडातून ओंजळीत दोन दात काढले आणि माझ्याकडे बघत राहिला, जणू ते मीच बसवून देणार होतो. मला अजून मारायचं होतं. तिघांनी धरलं. एकाच्या बरगडीत माझं कोपर बसलं.

मिस्त्री म्हणाला, "पोलिसांत जात नाही, इतकी वर्षं काम केलंस म्हणून. पण उद्यापासून इकडे फिरकायचं नाही." हत्यारं दिली, झाकणही दिलं.

घरी आल्यावर रडलो. हे बाईंना सांगणार नाही. मला दोघी परत हव्या आहेत. घर भुतासारखं झालंय. संडासचा दिवासुद्धा मीच लावतो आणि मीच मालवतो.

शुक्रवार, १३

बाईंना रंगाऱ्याचं सांगितलं नाही. म्हटलं, आठवडा बरा गेला. त्या म्हणाल्या, "हात दाखवा." बोटांची साल गेलेली बघितली, काही लिहिलं नाही, फक्त म्हणाल्या, "रविवारी राग आला तर काय कराल?" म्हटलं, "येणारच नाही. माझं काम करून झालंय."

घरी परत एकदा ढिम्म्या लावला होता. झाकणाला हात लागू नये म्हणून दिवसभर बाहेरच फिरलो. चौकात एका गाडीवाल्यानं मागून सारखा हॉर्न दिला, तेव्हा त्याचा बाजूचा आरसा मोडून त्याच्या मांडीवर टाकला. पण झाकण एकदाही उघडलं नाही. संध्याकाळी चिकन असं शिजलं होतं की चमचा लागताच मांस हाडावरून सुटत होतं. गाजर लोण्यासारखं. मी उभ्या उभ्याच खाल्लं आणि मोठ्यानं हसलो. दम धरला की होतं. माणूस बदलू शकतो, हे बाईंना सांगायला हवं.

शनिवार, १४

घर साफ केलं. मिठाचा डबा नवा भरला.

न्हाणीघराच्या दाराला मुठीएवढं भोक होतं. मागच्या वर्षीचं, बायको आतून कडी लावून बसली होती तेव्हाचं. गाडीची पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला, दाराच्या रंगाचा हात दिला. कपाटाचा कोपरा तसाच नीट केला. भिंतीवरचा चिकनच्या रश्श्याचा डाग खरवडून चुना लावला. कुठे काय झालं होतं ते आता मलाही सापडत नाही.

उद्या तिला कुडी बशीत घालून देणार. राग नाही धरायचा. मोठ्या मनानं द्यायची.

रविवार, १५, सकाळ

भरला. बटण मंद आचेवर. झाकण लावलं. आता संध्याकाळपर्यंत उघडायचं नाही, ब्रह्मदेव आला तरी.

सोमवार, १६

ओठाला टाके आहेत. बोलता येत नाही, लिहिता येतं.

ती तिघं अंधार पडायच्या आत आली. घरभर लसणाचा आणि मिऱ्यांचा वास पसरला होता. मेव्हणा म्हणाला, "वास छान सुटलाय, भाऊजी." बायको दाराजवळच्या खुर्चीवर बसली, पर्स मांडीवर, चपला पायात. म्हटलं, "अगं, तुझंच घर आहे, आत बस ना." म्हणाली, "बरी आहे इथं." वाळली आहे. खारू तिच्या खुर्चीमागे उभी होती. मी बोलावलं तेव्हा आधी आईकडे बघितलं.

मी बशीतून कुडी आणली. "बघ काय सापडलं! तुझ्या खजिन्यात." हसतच म्हणालो. मेव्हण्यानं खाली मान घातली. बायकोनं बशीला हात लावला नाही.

"असू दे तिथंच," म्हणाली.

"मिठात?"

"हो."

मला चीड आली, पण गिळली. हे लिहून ठेवायला हवं की मी गिळली. ताटं मांडली. दिवसभर झाकणाला बोट लावलं नव्हतं. अजून थोडा वेळ हवा होता, बटाट्यांसाठी. म्हटलं, पाच-दहा मिनिटं बसू.

खारू हळूहळू ओट्याकडे गेली. ढिम्म्यापुढे उभी राहिली, पूर्वीसारखी, नाक पुढे करून.

"बाबा, आतलं दिसत नाही."

"नवीन झाकण आहे. मी केलंय. थांब जरा."

मेव्हण्यानं मला गॅरेजचं काहीतरी विचारलं. त्याला कळलं होतं, नक्की कळलं होतं. मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात तिनं फडक्यानं मूठ धरून झाकण उचललं. वाफ भसकन वर आली.

"झाकण!"

मी ओरडलो, दोन पावलांत तिथं पोचलो आणि हात वर गेला. फक्त वर गेला. मारलं नाही. झाकण तिच्या हातून फरशीवर पडून गरगरत राहिलं.

तिनं चष्मा काढला. वाफ बसली म्हणून पुसते आहे असं मला वाटलं. पण पुसला नाही. दोन्ही दांड्या नीट मिटल्या, फ्रॉकच्या खिशात ठेवला, खिशाचं बटण लावलं. घाई नाही, रडणं नाही. मग हात मागे घेतले, तोंड वर केलं आणि डोळे मिटले.

माझा हात वरच होता. तो खाली कुठे ठेवायचा ते मला कळेना.

मेव्हण्यानं स्टूल उचलून माझ्या तोंडावर मारलं. मी न्हाणीघराच्या दारावर आदळलो, खांदा त्यात घुसला आणि कालची पुट्टी एका ढेकळात बाहेर आली. त्यानं परत मारलं. लाथा घातल्या. तोंडात गरम, खारट भरलं. "हात लाव आता! लाव!" म्हणत होता आणि स्वतःच रडत होता, वेडा. मी त्याला एका हातानं मोडून ठेवला असता. पण मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. इतका गोंधळ चालला होता आणि खारू तशीच उभी होती. डोळे मिटून. वाट बघत.

बायकोनं तिला उचललं. "उघड डोळे, बाळा."

"झालं?" खारूनं विचारलं.

"झालं."

तेव्हा तिनं बटण काढलं, चष्मा घातला आणि पहिल्यांदा इकडेतिकडे बघितलं. माझ्या तोंडाचं रक्त बघून घाबरली. "बाबांना लागलं," म्हणाली.

दारात मी बायकोला विचारलं, जमेल तसं, ओठ लोंबत होता. "हे तिला तू शिकवलंस?"

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

"मी नाही," म्हणाली, आणि तिघं जिना उतरली.

आज आईकडे जाऊन आलो. पाटीवर लिहून विचारलं. ती शपथेवर म्हणाली, तिनंही नाही. मिठाचं तिनं सांगितलं होतं, चष्म्याचं नाही. मग माझा ओठ बघून तिनं हळद शोधायला फडताळ उघडलं, आणि मी उठलो तेव्हा परत मागे सरकली.

चिकन उत्तम झालं होतं. कुणी खाल्लं नाही. आज मी एका बाजूनं चावत थोडं खाल्लं, मीठ टाक्यांना झोंबत होतं. कुडी परत डब्यात टाकली आहे. झाकणाची कड पडून वाकली आहे, ती ठोकायला मन होत नाही.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे, हातात: काहीच नव्हतं. नुसता हात होता.

त्यांना एवढंच विचारायचं आहे. पोरगी हुशार आहे, पण तिसरीतल्या मुलीला असं आपोआप येत नाही. मुलांना एकदा कुणीतरी नीट सांगावं लागतं. आईनं सांगितलं नाही, बायकोनं सांगितलं नाही. मग चष्मा आधी काढून ठेवायचा, हे तिला कुणी सांगितलं?